डबल बेल

घशाला भोक पाडलं की आवाज ओठांपर्यंत पोचत नाही,
खालच्या खाली निसटतो.
हे मी नातेवाइकांना दिवसातून सहा वेळा सांगते.
अकरा नंबरला सांगायचं राहिलं.
शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी तोंड उघडलं,
एक अख्खं वाक्य बोलले,
आणि आमच्याकडे बघत राहिले
जणू बहिरे आम्हीच.

जनार्दन घाग, वय एकाहत्तर, राहणार काळाचौकी.
कागदावर: निवृत्त, बेस्ट.
बोटाला ऑक्सिमीटरची चिमटी, ती कठड्यावर आपटायचे.
टक्.
मग बऱ्याच वेळाने, टक् टक्.
रात्रभर.
डॉक्टरांनी लिहिलं, भ्रम. मी हात बांधले.
पट्ट्या मऊ असतात, गाठ सैल ठेवतो आम्ही,
तरी बांधले ते बांधलेच.
सैल गाठीतूनही चिमटी कठड्याला पोचायची.

सकाळी परेरा मॅडम तक्ता घेऊन आल्या.
चित्रं: पेला, उशी, भांडं, हात जोडलेला देव.
मला दुखतंय. मला थंडी वाजते. मला घरी जायचंय.
उजवा हात सोडला. बोट सगळ्यांवरून फिरलं,
कुठेच उतरलं नाही.

मग तक्त्याची मागची बाजू, क ते ज्ञ.
मी ओळ म्हणायची, त्यांनी पापणी मिटायची.
क-ची? च-ची? ट-ची?
छापणाऱ्याने अक्षरं दिली,
काना, मात्रा, वेलांटी घरी ठेवून आला होता.
वीस मिनिटांत दोन अक्षरं.
प. ढ.
पढ? काका, इथे काय वाचायचंय?
त्यांनी डोळे मिटले.
हे "हो" नव्हतं. एवढं मलाही कळलं.

दुसरी रात्र, साडेतीन.
सोळंकी फरशी पुसत होता, पुसता पुसता थांबला.
"सिस्टर, ही तर बसची बेल.
सिंगल म्हणजे थांब. डबल म्हणजे जाऊ दे.
माझा मामा वडाळा आगारात गाड्या धुवायचा."

जाऊ दे.

हा शब्द इथे नेहमी जिन्यात ऐकू येतो,
मुलगा भावाला सांगतो, हलक्या आवाजात, बिलाचा कागद दुमडत.
कॉटवरून कुणी तो म्हटलेला मी ऐकला नव्हता.
वाकले. विचारावं लागतंच.
काका, जाऊ दे म्हणजे... तुम्हाला?

पाच रुपयांच्या तिकिटाला
पाचशेची नोट पुढे केल्यावर
कंडक्टर जसा बघतो, तसं बघितलं त्यांनी.

मी पेन काढलं. तक्त्यावर, रिकाम्या कडेला,
उकार काढला, मात्रा काढली.
बोट थरथरत गेलं, प-वरून उकारावर,
ढ-वरून मात्रेवर.
पुढे.

पुढे नऊ नंबर. आमच्या टेबलावरून नुसता पडदा दिसतो.
त्यांच्या उशीवरून फट दिसते.
फटीत दिनाबाई इंजिनियर, वय ब्याऐंशी,
एक पाय कठड्याच्या बाहेर,
सलाईनची नळी ताणलेली, दुसरा पाय निघायच्या बेतात.
टक्.
मी धावले. सोळंकी धावला.
पाय आत घेतला, कठडा वर केला, पांघरूण दिलं.
मागून आलं,
टक् टक्.

दोन रात्री बाई उतरायला बघत होती
आणि हा माणूस गाडी थांबवत होता.
दोन रात्री आम्ही विचारत होतो, तुम्हाला काय हवंय.

परेरा मॅडमनी तक्त्यावर हाताने लिहिलं, "तिला", "त्याला".
जागा नव्हती, देवाच्या शेजारी कोंबलं.
फाइलमधलं "भ्रम" खोडता येत नाही,
एक रेघ मारून खाली सही करायची असते.
डॉक्टरांनी केली. मनगटावरचे वळ
दुपारपर्यंत होते, मी दोनदा बघून आले.

आठला ड्यूटी संपली. पर्स खांद्याला लावली,
दारापाशी पोचले, तेवढ्यात
टक् टक्.
नऊ नंबर झोपल्या होत्या. पडदा उघडा होता.
मला म्हणाले असतील, जा म्हणून.
किंवा मी काल विचारलं त्याचं उत्तर, आता, उशिरा.
मी दारात उभी राहिले.
मग पर्स परत टेबलावर ठेवली
आणि तक्ता उचलला.